पुढची रिकामी जागा

सव्वीस वर्षं मी सॅन फ्रान्सिस्कोत टॅक्सी चालवतोय. बिनड्रायव्हरच्या गाड्या आल्या आणि आमच्या पोटावर पाय आला. मग मी आणि माझ्यासारखाच टॅक्सीवाला ड्वेन, दोघांनी एक उद्योग सुरू केला. रस्त्यावरचा नारिंगी शंकू उचलायचा आणि चौकात थांबलेल्या अशा गाडीच्या बॉनेटवर ठेवायचा. गाडी बावचळते, जागची हलत नाही. कंपनीचा माणूस येऊन शंकू काढेपर्यंत तासभर ठोकळा. नियम एकच, गाडी रिकामी हवी.

माझी बहीण नोएमी आंधळी आहे. मधुमेहानं आधी डोळे नेले, मग मूत्रपिंडं. तिला डायलिसिसला मीच न्यायचो, आणि ही बया कौतुक करायची त्या गाड्यांचं!

"डोळे नाहीत ते नाहीत, आता डोकंही गेलं वाटतं तुझं," मी म्हणायचो.

"मला वाट दाखवणारी कुत्री बघून तुझे टॅक्सीवाले भाऊबंद पुढं पळतात, रमिरो. त्या गाड्या थांबतात."

सीटवर केस नकोत म्हणून मीही कितीदा आंधळ्या गिऱ्हाइकांना न बघितल्यासारखं केलंय.

त्या मंगळवारी दुपारी तिचा फोन दोनदा वाजला. जेवायला कधी येतोस, म्हणून विचारत असेल. मी कापला. अर्ध्या तासानं समोरच्या चढावर बिनड्रायव्हरची एक गाडी येऊन थांबली. वाकून आत बघितलं, कोणी नव्हतं. ठेवला शंकू.

"बस आता उन्हात!" टपावर थाप मारून मी खदाखदा हसलो.

"आत काहीतरी वाजलं रे," ड्वेन म्हणाला.

"भूत असेल. चल, जेवायला घेतलेल्या पुपुसा गार होतील."

संध्याकाळी कळलं. चार वर्षं नोएमी नव्या मूत्रपिंडाच्या यादीत होती. दवाखान्यानं दोन रुग्णांना तातडीनं बोलावलं होतं, मूत्रपिंड एकच. मी फोन कापला म्हणून ती त्या गाडीनं निघाली होती. दुसरा वेळेत पोचला.

"उतरली का नाहीस?" मी निलाजऱ्यासारखं विचारलं.

"रहदारीच्या मधोमध? कुठं जाणार होते? काच बडवली मी. तू हसत होतास."

"अगं, मी बघितलं होतं आत. खरंच कोणी नव्हतं."

"पुढं बघितलंस."

पुढंच बघितलं होतं. गाडीत माणूस शोधायचा तो चालकाच्या जागी, ही सव्वीस वर्षांची खोड.

त्या गाड्यांत ती आता बसत नाही. गाडीचा भरवसा आहे, असं इतरांना सांगते, पण कोण कुठला येऊन शंकू ठेवील याचा नाही. म्हणून माझ्याच टॅक्सीतून येते, आठवड्यातून तीनदा. पूर्वी शेजारी बसायची, आता मागं बसते. माझ्याशी चकार शब्द बोलत नाही.

काल वाटेत तिच्या मैत्रिणीचा फोन आला. सोबत कोणी आहे ना, असं विचारलं असावं.

"नाही गं," नोएमी म्हणाली. "गाडीत कोणी नाही. एकटीच आहे."