पिस्तुलाखालून उतरलेला दिवा

मित्रांनो, मला पाहून तुम्ही नाक मुरडाल, मला ठाऊक आहे. दोन अंगठे शेजारी ठेवावेत एवढा माझा जीव. एका कोपऱ्याला पोचा, काचेवर ओरखडा. पण जुना झालो तरी मी साधासुधा टॉर्च नाही हो! माझ्या पाठीवर एक खाच आहे, ती चाचपून पाहा. पिस्तुलाच्या नळीखाली मला सरकवून बसवता यावं म्हणून ती कोरलेली आहे. तिथे मी एकच संध्याकाळ बसलो. मग उतरलो तो कायमचा, आणि त्याबद्दल मी देवाचे आभार मानतो.

अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यातून मला कारखान्यात कोरून काढलं. पोटात दोन ठेंगण्या बॅटऱ्या घातल्या आणि पहिल्यांदा पेटवलं. काय सांगू! समोर काहीच नव्हतं आणि एकदम अख्खी भिंत उभी राहिली. तिच्यावरचा खिळा, खिळ्याची सावली, सगळं. अंधारात काहीही असू शकतं, पण उजेड पडला की जे आहे तेवढंच उरतं. त्या दिवशी मी थक्क झालो तो आजवर थक्कच आहे.

२००६ साली मी टेक्सासमधल्या अर्विंगला गिरीशकाकांकडे आलो. काका मूळचे नागपूरचे. कॉम्प्युटरची नोकरी गेल्यावर त्यांनी पोहे, पीठ, लोणच्यांचं दुकान टाकलं होतं. आदल्या वर्षी शेजारच्या लाँड्रीत मागचं दार फोडून चोर शिरले आणि म्हाताऱ्या मालकाचं डोकं फोडून गेले. काकांची झोप उडाली. त्यांनी मागच्या दाराचं कुलूप बदललं, रीतसर परवाना काढला आणि शर्टाखाली कमरेला पिस्तूल लावायला लागले. त्यांचा मित्र सुशांत याला बंदुकांचा भारी नाद. वाढदिवसाला त्यानेच मला भेट दिलं.

आणि माझ्यावरून घरात वाद पेटला. नीलांबरीमावशी, म्हणजे काकांची बायको, तिला मी डोळ्यांसमोर नको होतो.

"कोण आहे ते बघायला आधी त्याच्यावर पिस्तूल रोखायचं?" ती म्हणाली. "आणि आपलंच माणूस निघालं तर?"

"अरे यार वहिनी, पिस्तूल दोन्ही हातांनी धरायचं असतं," सुशांत म्हणाला. "मग टॉर्च काय दातात धरणार?"

खरं सांगतो, मला सुशांतचंच पटलं होतं. काकांचं मात्र तळ्यात मळ्यात. शेवटी सुशांतने मला नळीखाली सरकवलं. खट् करून बसलो आणि माझी छाती अशी फुगली की विचारू नका! केवढं वजनदार शेजारपण! मी जिकडे पाहीन तिकडे ते पाहणार. तेव्हा मला यात फक्त थाट दिसला.

पण थाट टिकायला नशीब लागतं. माझ्यामुळे पिस्तूल जाड झालं आणि कमरेच्या होल्स्टरमध्ये, म्हणजे त्याच्या कातडी घरात, शिरेना. मोठं होल्स्टर मागवलं, ते यायला तीन आठवडे. तोवर मला काढून काकांनी पँटच्या डाव्या खिशात टाकलं. खिशात काय, तर बडीशेप आणि किराण्याच्या चिठ्ठ्या. मी असा रुसलो होतो!

पाडव्याच्या आदल्या शनिवारची गोष्ट. दुपारी तीनलाच आभाळ काळंनिळं झालं आणि वादळाचा भोंगा वाजू लागला. टेक्सासात तो वाजला की हातातलं टाकून आडोसा गाठायचा. काकांनी पुढचं दार लावलं, तेवढ्यात वीज गेली. दुकानात अंधार गुडुप्प झाला. भोंगा ओरडतोय, पत्र्यावर गारा पडताहेत, आणि मागच्या गोदामात काहीतरी धाडकन् आपटलं.

गोदामाला नवं कुलूप होतं, किल्ली फक्त घरात. निदान काकांना तसं वाटत होतं. ते दारापाशी गेले आणि जोरात ओरडले, "हू इज देअर?" उत्तर नाही. वरच्या झरोक्यातून वीज चमकली. क्षणभर एक आकृती दिसली, खांद्यावर लांब नळीसारखं काहीतरी घेतलेली. काकांना ती बंदूक वाटली. मलाही वाटली हो, खोटं कशाला बोलू.

त्यांचा उजवा हात कमरेकडे गेला. पिस्तूल होल्स्टरमधून अर्धं वर आलं. त्याच वेळी डावा हात खिशात शिरला, बडीशेपेसकट मला बाहेर काढलं आणि पेटवलं.

आणि मला शोभनाकाकू दिसल्या.

अडुसष्ट वर्षांच्या, इथल्या मराठी मंडळात सगळ्यांच्या काकू. खांद्यावर गुढीची काठी, तिच्या टोकाला तांब्या उपडा, पायाशी पडलेली परात. मंडळाचं सामान या गोदामातच असायचं. नव्या कुलपाची किल्ली नीलांबरीमावशीने त्यांना देऊन टाकली होती आणि काकांना सांगायची विसरली होती. घरच्या माणसाला आपल्याकडे कोण कुलूप लावतं? आणि घरचं माणूस येताना फोन तरी का करेल? भोंगा कानाच्या मशीनमध्ये किंचाळत होता म्हणून काकूंनी मशीन काढून पर्समध्ये टाकलं होतं. काकांची हाक त्यांना ऐकूच गेली नव्हती.

माझ्या उजेडामागचं काकूंना काही दिसलं नाही. त्या डोळे मिचकावत हसल्या.

"कोण, गिरीश? बरं झालं बाबा बत्ती आणलीस. मी आत्ता पडले असते."

काकांनी पिस्तूल आत सारलं आणि शर्ट खाली ओढला. मग पुढे होऊन काकूंच्या पायाशी पडलेली परात उचलली.

वादळ सरल्यावर तांदळाच्या पोत्यावर बसून त्यांनी मावशीला सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "दिवा पिस्तुलाला असता ना, तर काकूंचा चेहरा मला नळीवरून दिसला असता. बोट चापाजवळ असतं गं."

मावशी रडली. किल्लीचं आपण सांगितलं नाही म्हणून जास्त रडली. होल्स्टरची ऑर्डर दुसऱ्याच दिवशी कॅन्सल झाली. सुशांत तावातावाने भांडायला आला होता, पण सगळं ऐकून खाली मान घालून बसला. मागच्या दाराला पूजेची पितळी घंटा लागली. काकू आता ती अशी वाजवतात की गल्ल्यावरची माणसं दचकतात.

मला अजूनही नवल वाटतं. मूठभर उजेड तो काय! पण तो पिस्तुलाच्या आधी पोचला म्हणून एक माणूस माणूसच दिसलं. मित्रांनो, भीती वाटली की आधी नीट पाहा. पाहण्यासाठीचा हात मोकळा ठेवा. आणि मला जपा, बॅटऱ्या बदलत जा, एवढंच मागणं.

आता मी घंटेशेजारच्या खिळ्यावर असतो. पाडवा आला की काकू मला मागून नेतात. यंदाही नेलं. पोरांना दाखवत म्हणाल्या, "हा दिवा गुणाचा आहे हो, मला पडता पडता वाचवलंय याने." मग माझ्या पाठीवर त्यांचं बोट अडलं. "गिरीश, ही खाच कशासाठी रे?"

काकांनी मला काकूंच्या हातातून घेतलं आणि खाचेवरून अंगठा फिरवला.

"काही नाही काकू," ते म्हणाले. "हातातून सुटू नये म्हणून."