बर्फाच्या कप्प्यातलं औषध

माझे धाकटे दीर फ्रिज दुरुस्त करतात. बंद पडलेलं यंत्र नुसतं कान लावून ऐकतील आणि काय बिघडलंय ते सांगतील. स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र तोंडातून अक्षर निघायचं नाही. मांडीच्या सांध्यात लचक भरलीय, एवढं एकच पालुपद त्यांनी वर्षभर चालवलं. ही कसली लचक, जी बसताना दुखते, उठताना दुखते आणि विचारलं की जास्त दुखते? दुखणं सांध्याच्या जरा पलीकडचं आहे, हे घरात सगळ्यांना कळत होतं. पण आमचं घरच असं, की कळलं तरी न कळल्यासारखं वागायचं.

त्या दिवशी घाम फुटून ते जिन्यातच खाली बसले. धाकटी जाऊ शाळेत शिकवायला गेलेली, आमचे हे परगावी. शेवटी मीच टॅक्सी बोलावली. कुठे न्यायचं ते विचारलं, तर दवाखान्याचा पत्ता, मजला, खोली, सगळं भाऊजींना तोंडपाठ.

"वहिनी, तुम्ही बाहेर बसा," खोलीच्या दाराशी ते म्हणाले.

"बसते की. आधी तुम्ही भिंत सोडून उभे राहून दाखवा."

त्यांना ते जमलं नाही, म्हणून मी आत गेले. डॉक्टरीणबाई माझ्या लेकीच्या वयाची, डोळ्यांखाली काळं झालेली. तिने भाऊजींना विचारलं, "यांच्यासमोर बोलू ना?" भाऊजींनी भिंतीकडे बघत मान हलवली, आणि आमच्या घरात जे कधी कुणी बोललं नव्हतं ते तिने मला साध्या शब्दांत सांगितलं.

अंडकोशामागे एक नळी असते, दोऱ्यासारखी बारीक. पुरुषाचं बीज तिच्यातूनच पुढे जातं. भाऊजींच्या नळ्या जंतूंमुळे सुजल्या. जंतू गोळ्यांनी मेले, पण सूज हटेना. एक बाजू कायमची बंद झाली होती. दुसरी वाचली तरच मूल होणार होतं. त्यासाठी एक नवं इंजेक्शन होतं, अजून तपासून बघत होते असं. शरीरातलंच एक संप्रेरक. पेशींवर त्याचे ग्राही असतात. "कान म्हणा हवं तर," ती म्हणाली. संप्रेरक त्या कानाला लागलं की आत निरोप जातो, आता पुरे, सूज आवरा. हे इंजेक्शन घरीच टोचून घ्यायचं होतं, आणि नवराबायको ते गुपचूप घेत होते.

"बाकीच्यांना गुण येतोय," ती भाऊजींना म्हणाली. "तुमच्यावर काडीचा परिणाम नाही. औषध ठेवता कुठे?"

इतका वेळ कण्हत बसलेला माणूस एकदम ताठ झाला. हा त्यांचा प्रांत होता.

"बर्फाच्या कप्प्यात. अगदी तळाला. बटण शेवटपर्यंत फिरवून ठेवलंय."

"गोठवलंत?"

"थंड ठेवा म्हणाला होतात ना तुम्ही?"

"थंड ठेवा, पण गोठवू नका. प्रत्येक खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलंय."

"खोकी पहिल्याच दिवशी फेकून दिली." भाऊजींचा आवाज बसत गेला. "घरात कुणी वाचलं असतं. बाटल्या आइस्क्रीमच्या डब्यात घातल्या, मटारच्या पिशव्यांखाली. टोचायच्या आधी मुठीत धरून वितळवायचो. सिस्टर काहीतरी म्हणाल्या होत्या, पण मला वाटलं, जास्त थंड तेवढं बरंच. आमच्या धंद्यात जास्त गार होतंय म्हणून आजवर कुणी तक्रार केलेली नाही."

मला हसू आलं आणि त्याच वेळी त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. गोठलं की संप्रेरकाची घडणच मोडते, मग ते कुठल्याच ग्राहीवर बसत नाही. इतके दिवस त्यांनी जवळजवळ पाणीच टोचून घेतलं होतं.

"मग आता नीट ठेवतो. पुन्हा सुरू करा."

तिने संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवला. त्यातलं मला काही कळलं नाही, तिचा चेहरा कळला. दुसरी नळीही वणाने बंद झाली होती. सूज अंडकोशातही शिरली होती. मागच्या आठवड्यात तिने आत सुई घालून बीज मिळतं का तेही पाहिलं होतं. काही मिळालं नव्हतं.

"औषध सुजेवर चालतं," ती म्हणाली. "वण झाल्यावर निरोप ऐकायला तिथे कुणी उरत नाही. दुखणं आपण कमी करू. मुलाचं मात्र आता नाही."

आम्ही टॅक्सीत बसलो. मला राग आला होता, आणि राग नेमका कुणावर काढावा तेच कळत नव्हतं. फ्रिज माझ्या स्वयंपाकघरातला. मला एका शब्दाने सांगितलं असतं, तर दुधाशेजारी ठेवलं असतं मी ते औषध, आणि कोणी विचारलं असतं तर माझं म्हणून सांगितलं असतं.

"वहिनी, आईला सांगू नका," भाऊजी म्हणाले.

"आणि धाकटीला?"

"तिला मीच सांगतो."

संध्याकाळी त्यांच्या खोलीचं दार लागलं. रडण्याचा आवाज आला नाही. मोरीतला नळ तेवढा बराच वेळ चालू राहिला. धाकटी बाहेर आली ती तोंड धुऊन, केस नीट बांधून, आणि पानं घ्यायला लागली.

जेवताना सासूबाईंनी विषय काढलाच. लग्नाला इतकी वर्षं झाली, शेजारणी विचारतात, मी काय सांगू त्यांना? मग धाकटीकडे वळून म्हणाल्या, "तुझ्यातच काहीतरी कमी असणार बाई. आमच्या घराण्यात असलं काही नाही. रविवारी चल माझ्याबरोबर, एका डॉक्टरांना दाखवू तुला."

मी भाऊजींकडे पाहिलं. आता बोलतील, निदान आज तरी बोलतील, असं मला खरंच वाटलं. त्यांनी मान वर केली नाही. मग मीच तोंड उघडलं, तर धाकटीने टेबलाखाली माझं मनगट करकचून धरलं.

"चालेल आई," ती म्हणाली. "रविवारी जाऊ या."

भाऊजींनी भांडं पुढे ओढलं आणि भाजी वाढून घेतली.