मार्कोसकाकांचं बंदर

दिवाळी चार दिवसांवर आली आणि वीणाताईंनी मेलबर्नच्या ग्लेन वेव्हर्लीतल्या लेकाच्या दारात किल्ला रचायला घेतला. "आई, इथे किल्ला कोण करतं?" गंधार म्हणाला. "मी करते," वीणाताई म्हणाल्या. विषय संपला.

अहो, किल्ला हे नुसतं निमित्त! खरी काळजी शेजारच्या मार्कोसकाकांची. सत्त्याऐंशी वर्षांचे ग्रीक गृहस्थ. बायको गेल्यापासून पाच महिने बोलणं बंद, जेवण नावापुरतं, दिवसभर खिडकीत बसून. एकटं कसं ठेवायचं म्हणून मुलगी एलेनी काळजीने अर्धी झालेली. येत्या शनिवारी ती त्यांना वृद्धाश्रम दाखवायला नेणार होती. पसंत पडला की घराला कुलूप. वीणाताईंना राहवेना. गेल्या वर्षी कुंपणावरून लिंबं देता देता ज्याने अख्खं गाव डोळ्यांसमोर उभं केलं, तो माणूस असा मुक्यानेच जाणार?

ते गाव म्हणजे एर्मूपोली, सिरॉस बेटावरचं बंदर. दोनशे वर्षांपूर्वी लढाईतून जीव मुठीत घेऊन पळालेली माणसं त्या किनाऱ्यावर उतरली, आणि बघता बघता त्यांनी ग्रीसमधलं सगळ्यात गजबजलेलं बंदर उभं केलं. नाव दिलं व्यापाराच्या देवाचं. मागे दोन टेकड्या. एक कॅथलिकांची, दुसरी ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांची. तिथल्या गोदीत काका जहाजं रंगवायचे, आणि बाविसाव्या वर्षी बोटीत बसून मेलबर्नला आले.

तर यंदा राजगड-बिजगड काही नाही, काकांच्या खिडकीसमोर एर्मूपोलीच! मातीच्या दोन टेकड्या, काड्यापेट्यांची घरं, निळ्या ताडपत्रीचा समुद्र. फक्त वीणाताई पडल्या रत्नागिरीच्या. समुद्र मावळतीलाच असतो, यात त्यांना जन्मात कधी शंका आली नव्हती. त्यांनी सगळं बंदर मावळतीकडे पसरलं आणि खुशीत घरात गेल्या.

शनिवारी सकाळी त्या रांगोळी घालत होत्या, तोच शेजारचं दार धाडकन उघडलं. काठी आपटत काका बाहेर.

"नो! नो! नो!" आवाज घोगरा, पण काय खणखणीत! "समुद्र पूर्वेला! आमच्याकडे सूर्य पाण्यातून वर येतो, बाई! तू अख्खं गाव उलटं बसवलंस!"

खरं तर वीणाताईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायला हवं होतं. पण त्यांचे डोळे आनंदाने भरून आले. "चुकलंच काका. आता तुम्हीच करा नीट," म्हणत त्यांनी खुरपं पुढे केलं.

मग काय विचारता! काकांनी स्टूल मागवलं, टेकड्या फिरवल्या, गोदी दक्षिणेला हलवली, गंधारला दोनदा माती आणायला पिटाळलं. वीणाताईंना तर प्रत्येक घरामागे बोलणी बसली. मधल्या मध्ये काकांनी चार चकल्या कधी फस्त केल्या, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

अकराला एलेनीची गाडी थांबली. बापाला कोपरापर्यंत मातीत बघून ती जागीच थबकली.

"बाबा?"

"एलेनी, मागे सर! धक्क्यावर पाय देतेस! ती नळी आण, बंदरात पाणी सोडायचंय."

पाच महिन्यांनी बापाच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकलं बिचारीने. ती रडतही होती, हसतही होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. वृद्धाश्रमातून विचारत होते, किती वाजता येताय.

"आज नाही येत," नळी ओढत एलेनी म्हणाली. "पुढच्या आठवड्यातही नाही. बाबा कामावर आहेत."