कोळशाने काढलेला चेहरा

मित्रांनो, मी एक जुने चित्र आहे. माझ्यातला चेहरा गेल्याचे घरात कळले, त्या सकाळी मासिकाचे संपादक मला प्रदर्शनासाठी न्यायला आले होते. मुलीने मला खिडकीपाशी धरले आणि तिचा आवाज एकदम उतरला.

"बाबा, आईचा चेहरा कुठाय?"

"असं काय करतेस? तिथंच तर आहे," म्हणत बाबांनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. मग तो काढून पुसला आणि पुन्हा लावला.

जिची त्या मासिकातली व्यंगचित्रे बघून घरोघरी लोक हसायचे, त्या आईनेच मला कला महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असताना काढले. समोर वसतिगृहातला आरसा, हातात कोळशाची कांडी. दोन वेण्या, खाली वळलेले ओठ, रडू आवरून धरलेले डोळे. शिक्षकांनी मला वर्गाच्या भिंतीवर लावले.

"रेषेत जीव आहे. पण यावर फवारा मारून घे, नाहीतर कोळसा कागदावर टिकायचा नाही."

"हो सर," ती म्हणाली आणि विसरली.

पुढे तिने मंत्र्यांपासून मांजरांपर्यंत सगळ्यांची नाके काढली. स्वतःला मात्र पुन्हा कधी काढले नाही. मी कपाटावरच्या पुठ्ठ्यांमध्ये पडून राहिले. लग्नानंतर घर लावताना एकदा मी बाबांच्या हाती लागले.

"ही कोण गं? कुणी मार दिला होता का हिला?"

"मीच ती. तुमची गाठ पडायच्या आधीची."

"म्हणजे मी भेटलो आणि हसायला लागलीस!"

"अहो, तुमच्याकडे बघून कुणालाही हसू येईल."

दोघे पोट धरून हसले आणि मी परत पुठ्ठ्यात गेले.

ती गेल्यावर बाबा तिच्या चित्रांना जिवापाड जपू लागले. भिंतीवरच्या चौकटींच्या काचा रोज ओल्या फडक्याने पुसायचे. प्रदर्शनाचे ठरले तेव्हा त्यांनी मलाही खाली काढले. मला काच नव्हती, म्हणून त्यांनी मुद्दाम कोरडा, मऊ सुती रुमाल घेतला. रुमाल काळा झाला.

"केवढी धूळ बसलीय हिच्या तोंडावर," असे पुटपुटत ते हलक्या हाताने पुसत राहिले.

मित्रांनो, तो त्यांच्या बायकोच्या गालावरचा कोळसा होता.

"काका, काकूंनी स्वतःला काढलेलं दुसरं एखादं असेल ना?" त्या सकाळी संपादकांनी विचारले.

"नाही हो," मुलगीच म्हणाली. "एवढं एकच होतं."

आता माझ्यावर दोन वेण्या आहेत आणि मध्ये करडा डाग. बाबा मला टेबलावर ठेवून समोर बसतात. मित्रांनो, जुन्या वस्तूला हात लावण्याआधी ती कशाची आहे, हे कुणाला तरी विचारा. नुसत्या मायेने वस्तू जपली जात नाही.

तिचे ते ओठ बाबांना आठवतात, डोळेही आठवतात. पण त्या दिवशी ती एवढी रडवेली का होती, हे त्यांना ठाऊक नाही. तिला ते विचारायचे राहून गेले.