मावशीचा डावा गाल

त्या दिवशी सगळी गिरणी बाबांच्या पायाशी गोळा झाली होती. विणकर, हमाल, कारकून, झाडूवाल्या, कुणी म्हणून घरी गेलं नव्हतं. माग बंद ठेवले होते. माग बंद ठेवायला मालक कुणाच्या मयतालासुद्धा तयार नसतात, त्यावरून बाबांची थोरवी लक्षात यावी.

"जीभ खोटं बोलते, कातडी खोटं बोलत नाही!" बाबा गरजले. "चेहरा म्हणजे देवाघरची पाटी! तुम्ही पुसा, मी वाचतो!"

बोलून थांबले नाहीत, करून दाखवलं. बाबा बाहेर गेले. इकडे मुकादमानं मालकांची अंगठी सगळ्यांदेखत एका हमालाच्या पागोट्यात खोचली. बाबा आत आले, रांगेतून हळूहळू फिरले, एकेकाच्या तोंडासमोर नाक नेऊन हुंगल्यासारखं केलं आणि थेट हमालाच्या पागोट्याला हात घातला. टाळ्यांनी पत्रे हादरले. आमचे हेडक्लार्क पदवीधर आहेत. ते सगळ्यांत आधी पाया पडले.

मी या गिरणीच्या दवाखान्याचा डॉक्टर. मला तिथं कुणी बोलावलं नव्हतं. मी मावशीसाठी गेलो होतो.

मावशी म्हणजे तुटलेले धागे जोडणारी बाई. सगळी गिरणी तिला तोंडावर मावशी म्हणते आणि पाठीमागे वाकडी. काही वर्षांपूर्वी तिच्या चेहऱ्याची डावी नस गेली. डावा गाल लोंबला, डावा डोळा पुरता मिटेना, तोंड उजवीकडे ओढलं गेलं. त्यामुळे ती सदा कुणाला तरी कुचकं हसते आहे असं दिसतं. बहीण मेल्यावर बहिणीची तान्ही पोर तिनं पदराखाली घेतली, वाढवली, आपल्याच शेडमध्ये कामाला लावली. त्याच भाचीचा हात गेल्या आठवड्यात मागाच्या दातेरी चाकात गेला. तीन बोटं गेली.

चाकावर लोखंडी जाळी असते. त्या दिवशी ती नव्हती. जाळी कुणी काढली, एवढाच प्रश्न होता. जाळी नसली की चालत्या मागावर धागा जोडता येतो, म्हणून कुजबुज सुरू झाली: धागे कोण जोडतं? वाकडी. आणि पोरीला उचलून नेत होते तेव्हा हसत कोण उभी होती? वाकडीच!

मुकादमानं मालकांना सुचवलं, पोलीस कशाला, आपले चेहरेवाले बाबा आहेत ना.

भाचीला मोठ्या इस्पितळातून त्याच सकाळी सोडलं होतं. हाताला बोचक्याएवढं बँडेज. तिला पुढे खुर्चीवर बसवलं होतं, देखाव्याला.

"सांगा, जाळी कुणी काढली?" बाबांनी आवाज चढवला आणि शेडभर नजर फिरवली. "नाव घेऊ नका! मनात आणा! मी वाचतो!"

दोन-तीन फेऱ्या झाल्या आणि बाबा मावशीपुढे उभे राहिले.

"हसतेस?" ते म्हणाले. "पोरीची बोटं खाऊन हसतेस?"

"हसत नाही हो, बाबा. माझं तोंडच असं आहे."

"बघा, डोळ्यात पाणीही आणलं! मगरीचं पाणी!"

न मिटणाऱ्या डोळ्यातून पाणी गळतंच. त्याला सुख-दुःखाची गरज नसते. पण हे ऐकायला कुणाला वेळ होता? बाबांनी झोळीतून एक जाड सुई काढली. मावशीची हनुवटी धरून तिचा डावा गाल लोकांकडे वळवला आणि सुई खुपसली. गालावर साधी सुरकुती उठली नाही.

"वेदना नाही! जिथं पाप मुरलं, तिथं वेदना नाही!"

बायका किंचाळून मागे सरल्या. मी पुढे घुसेपर्यंत दुसऱ्यांदा टोचून झालं होतं. लोकांना दिसत नव्हती ती उजवी बाजू मला दिसली. उजवा डोळा गच्च मिटला होता, उजवा ओठ दातांखाली रक्ताळला होता. गाल हलवणारी नस मेली होती, दुखणं सांगणारी नस वेगळी असते, ती धडधाकट होती. तिला सगळं लागत होतं आणि दाखवायला फक्त अर्धा चेहरा होता. तोही त्या नराधमानं भिंतीकडे फिरवला होता.

"माझ्याजवळ येऊ नकोस!" भाची खुर्चीवरून ओरडली. "तू येऊच नकोस माझ्याजवळ!"

सुईनं न हललेली मावशी मटकन खाली बसली.

मला भडकून चालणार नव्हतं. भडकलेल्या डॉक्टरपेक्षा हसऱ्या भोंदूवर लोकांचा विश्वास जास्त. मी हात जोडले.

"बाबा, धन्य झालो. एकदा माझ्या हातून अंगठी लपवू द्या. आयुष्यभर सांगेन लोकांना."

स्तुतीला कोण नाही म्हणतं? बाबा ऐटीत बाहेर गेले. मी अंगठी उंच धरून सगळ्यांना दाखवली, मुकादमाच्या कोटाच्या खिशात हात घातला आणि रिकामा हात बाहेर काढला.

बाबा आले. हुंगत फिरले. मुकादमापाशी थबकले.

"चोरी लपली, पण चेहरा लपला नाही!" म्हणत त्यांनी मुकादमाच्या खिशात हात घातला. किल्ल्यांचा जुडगा निघाला. खिसा उलटा केला. अंगठी नाही.

"अंगठी माझ्या अस्तनीत आहे, बाबा," मी म्हणालो. "खिशात हात घातला तेव्हाच ती बाहीत सरकवली. खिशात आहे असं फक्त या मंडळींना वाटत होतं. मग मुकादमांच्या चेहऱ्यावर तुम्ही वाचलंत तरी काय?"

"एखाद्या वेळी वातावरणात अश्रद्धा असते..."

"मग श्रद्धेनं पुन्हा करू. आता सगळ्यांनी तोंडं भिंतीकडे करा, डोळे मिटा, आणि मी सांगेपर्यंत उघडू नका."

मालक कुतूहलानं म्हणा किंवा अंगठीच्या काळजीनं म्हणा, हो म्हणाले. बाबांना पुन्हा बाहेर पाठवलं. लोकांची पाठ फिरल्यावर मी अंगठी एकीच्या मुठीत दिली, सगळ्यांना डोळे मिटूनच पुन्हा इकडे वळवलं आणि बाबांना आत बोलावलं. आता बाबांना वाचायला हवे तितके चेहरे होते, फक्त नजरा नव्हत्या. बाबांनी आधी झाडूवालीला धरलं. मग हेडक्लार्कला. मग घाम पुसत पुसत एका बंद डोळ्यांच्या जाड्या गृहस्थाला चोर ठरवलं. ते खुद्द मालक निघाले.

"उघडा डोळे!" मी म्हणालो. "मावशी, मूठ उघड."

अंगठी तिच्या हातात होती, न मिटणाऱ्या डोळ्यावर पदर होता. बाबा तिच्यासमोरून दोनदा गेले होते.

"अरे, तुम्हाला कळतंय का काय चाललंय?" मी ओरडलो, आता मला राहवेना. "तुम्ही जन्मभर या मागांच्या खडखडाटात काढलात. इथं हाक ऐकू येत नाही, म्हणून 'कोण?' विचारलं की तुम्ही हनुवटी वळवता, 'कुठे?' विचारलं की डोळे वळवता. सवयच ती! या माणसानं तेवढंच हेरलं. अंगठी असेल तिथं तुमची नजर जाते. तो चोराचा चेहरा वाचत नाही, तुमचे वाचतो. जाळी कुणी काढली विचारल्यावर तुम्ही सगळ्यांनी वाकडीकडे बघितलंत. बाबांनी तुमचाच संशय तुम्हाला ऐकवला, आणि तुम्ही त्याला देववाणी म्हणालात!"

सगळे एकमेकांकडे बघायचं टाळत होते. हे त्या शेडमध्ये मी पहिल्यांदाच पाहिलं.

"आता एक काम करा," मी म्हणालो. "चेहरे सोडा. ती जाळी कुठे आहे? आठवडाभरात कुणी शोधली?"

कुणीही शोधली नव्हती. बाबा असताना जाळी कोण शोधतो! मुकादमाच्या त्याच किल्ल्यांनी मी त्याचं अवजारांचं कपाट उघडलं. तळाशी जाळी होती, चारही बोल्टांसकट.

"माग थांबवायचे नाहीत असा वरचा हुकूम होता," मुकादम म्हणाला. मालक छताकडे बघू लागले.

या गडबडीत बाबा पसार झाले. काही पोरं दगड घेऊन मागे धावली. घटकेपूर्वी हीच पोरं त्यांच्या पायाची धूळ कपाळाला लावत होती. मावशीला मात्र 'चुकलं' म्हणायला एकही माणूस पुढे आला नाही. गालाचं रक्त तिनं स्वतःच पदरानं पुसलं.

मी भाचीच्या खुर्चीपाशी गेलो.

"ऐकलंस ना? मावशीनं काही केलं नव्हतं."

ती बँडेजकडे बघत होती.

"मला माहीत होतं," ती हळूच म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"जाळी मुकादमांनी काढली. त्या सकाळी मी तिथंच होते. बघितलं मी."

माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. "मग मघाशी तिला असं का बोललीस? आधीच का नाही सांगितलंस?"

"बाबा म्हणाले, कातडी खोटं बोलत नाही. तिला सुई टोचली तरी काही झालं नाही. मला वाटलं, मीच चुकीचं बघितलं असेन." ती रडायला लागली. "आणि मला कुणी विचारलंच नाही, डॉक्टर. सगळे नुसता माझा चेहरा बघत होते."

मावशी ऐकत होती. पोरीनं शाबूत हात तिच्याकडे केला. मावशीनं तो धरला नाही. ती उठली आणि दाराबाहेर गेली. मी तिला दोष देत नाही.

वाचकहो, भुवया, ओठ, कपाळाच्या आठ्या यांचा अर्थ लावायला जरूर शिका. माणूस ओळखायला त्याची मदत होते. पण आठी म्हणजे पुरावा नव्हे, अश्रू म्हणजे कबुली नव्हे आणि न हलणारा गाल म्हणजे गुन्हा नव्हे. चेहरा वाचून न्याय देणारा कुणी तुमच्या दारी आला, तर त्याला दारातच थांबवा आणि ज्याचा हात चाकात गेला त्याला आधी विचारा. तोंड त्यालाही आहे.