समीक्षा सांगत नाही

समीक्षाच्या पोटात काही राहत नाही, हे सहावी ब मधल्या बाकांनासुद्धा माहीत होतं. कोणी डबा न खाता परत नेला, कोणाच्या वहीत बाबांची खोटी सही आहे, कोण कोणाशी बोलत नाही, हे सगळं तिच्याकडून दहा मिनिटांत वर्गभर व्हायचं. ती वाईट मुलगी मुळीच नव्हती. कोणी काही विचारलं की तिला उत्तर द्यावंसं वाटे, एवढंच. आणि विचारणारा गोड बोलला, तर न विचारलेलंही सांगून मोकळी होई.

तिची जिवलग मैत्रीण मारिया नेमकी उलटी. चार प्रश्न विचारावेत तेव्हा एक उत्तर मिळायचं. समीक्षा पनवेलजवळच्या विचुंबे गावची, मारिया पनवेलच्या मुसलमान मोहल्ल्यातली, आणि दोघी पहिलीपासून एकाच बाकावर.

त्या शनिवारी सुनीता मॅडमनी शाळेच्या हॉलमध्ये एक जुना परदेशी सिनेमा दाखवला. इतिहासाच्या तासाला हिटलर येऊन गेला होता. ज्यू लोकांना घरांतून काढून छावण्यांत कसं नेलं आणि मारलं, ते मॅडमनी सांगितलं होतं. हा सिनेमा त्या काळातल्या दोन मुलींचा होता. लेना ही पिठाच्या गिरणीवाल्याची मुलगी आणि रूट तिची ज्यू मैत्रीण. रूटच्या घरच्यांना धरून नेतात, तेव्हा लेनाचे आईवडील रूटला गिरणीच्या माळ्यावर पोत्यांच्या मागे लपवतात. तिथे दोघी पिठाने पांढऱ्या होऊन भुताभुताचा खेळ खेळतात, एका उंदराला नाव देतात, हसून हसून लोळतात. हॉलमधली मुलंही हसत होती. मग एक दिवस दारात एक सैनिक येतो. तरुण, हसरा. लेनाला म्हणतो, "तुझी ती वेण्यावाली मैत्रीण बऱ्याच दिवसांत दिसली नाही गं. मला तिला खेळणं द्यायचंय." आणि लेना आनंदाने वर बोट दाखवते.

"अगो नको! नको दाखवू!" समीक्षा खुर्चीवर उभी राहून ओरडली. सगळा हॉल हसला. पडद्यावर मात्र रूटला घेऊन ट्रक निघून गेला होता आणि लेना खेळण्याचं काय झालं ते आईला विचारत होती. तिथेच सिनेमा संपला.

सुटल्यावर समीक्षा तणतणतच चालत होती. "मूर्ख कुठली! मी असते ना, तर त्या सैनिकाला असं गंडवलं असतं!"

मारियाने दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "तू पण सांगितलं असतंस."

"मी? तू कुठे लपलीस ते?"

"त्याने गोड विचारलं असतं तर सांगितलं असतंस. माझ्या वाढदिवसाला अम्मी घड्याळ देणार होती, ते मला कोणी सांगितलं?"

मारिया चिडून बोलली असती तर समीक्षाला भांडता आलं असतं. ती अगदी साधेपणाने बोलली होती, आणि तेच जास्त लागलं.

रविवारी जेवण झाल्यावर मारिया विचुंब्याला खेळायला आली, तेव्हा समीक्षा तयारच होती. "आज परीक्षा," ती म्हणाली. "तू लपायचं. दोन ते तीन. कोणीही येऊ दे, मी सांगणार नाही. आणि तूही मध्येच बाहेर यायचं नाही."

लपायला जागा काही कमी नव्हत्या. समीक्षाचे आजोबा बळीराम यांचा मंडप डेकोरेशनचा धंदा होता आणि घराच्या खालच्या मजल्यावर सगळं गोदाम. पडद्यांचे ढीग, गाद्यांच्या थप्प्या, प्लास्टिकच्या फुलांची झुंबरं. मधोमध नवरा-नवरीचा सोनेरी सोफा होता, पाठीवर दोन मोर आणि खाली जमिनीपर्यंत मखमली झालर. झालरीच्या आत माणूस पाय पसरून झोपेल एवढी पोकळ जागा. मारिया एक चिक्कीचा तुकडा घेऊन आत सरपटली. समीक्षाने झालर नीट केली आणि शेजारी खुर्ची टाकून वहीत चित्र काढत बसली. पंचवीस मिनिटं अगदी सुरळीत गेली.

मग बाहेर टेम्पो थांबला. चालक काळूराम आणि त्याच्याबरोबर आजोबा आत आले.

"पळस्प्याच्या हळदीवाल्यांचा फोन आला," आजोबा म्हणाले. "लाल सोफा नको, मोरवालाच पायजे म्हनतात. उचल रे काळूराम. तिकडून तू, इकडून मी."

सांगावं तर परीक्षा गेली. न सांगावं तर सोफा उचलताच मारिया उघडी, नाहीतर चालली पळस्प्याच्या हळदीला. समीक्षाने वही टाकली आणि उडी मारून सोफ्यावर मांडी ठोकून बसली.

"यो सोफा नाय जायाचा."

"का नाय जायाचा?"

"नाय सांगनार."

आजोबांनी काळूरामकडे पाहिलं. "हिला आत्ताच लगीन करायचं दिसतंय."

काळूराम खो खो हसला. समीक्षा मात्र हसली नाही. तिने दोन्ही हातांनी दोन मोरांच्या माना घट्ट धरल्या. आजोबांनी आधी समजावलं, मग दटावलं, मग पळस्प्याचे लोक कसे खोळंबलेत ते सांगितलं. ती नुसती मान हलवत राहिली. तिला उचलावं तर आजोबांची कंबर धरलेली, आणि काळूराम मालकाच्या नातीला हात लावायला तयार नव्हता.

अशी ओढाताण चाललेली असताना दारात सफूरा आली. मारियाची आई. ती पाचला यायची होती, पण उरणहून नणंद अचानक आली म्हणून लवकर आली होती.

"सलाम, काका. मारिया कुठंय? वर आहे का?"

आजोबांनी इकडेतिकडे पाहिलं. "हितंच होती की. समीक्षा, मारिया कुटं हाय गो?"

समीक्षाने ओठ दातांखाली धरले.

पहिली दोन मिनिटं सफूराला मजाच वाटली. तिने वरच्या मजल्यावर हाक मारली, मोरीत डोकावली, गच्चीवर जाऊन आली. खाली येताना मात्र तिचा चेहरा बदलला होता. "काका, वर कोणी नाही. रस्त्याकडे तर गेली नसेल ना? त्या डंपरवाल्यांचा काही भरवसा नाही हो."

आजोबांनी काळूरामला रस्ता बघायला पिटाळलं. मग ते वाकले, खिशातून एक चॉकलेट काढलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "माझी शानी बाय ती. आबाला सांग बरं, तुझी मैत्रीन कुटं हाय?"

आवाज गोड, हातात खाऊ. समीक्षाने एकदा चॉकलेटकडे आणि एकदा आजोबांच्या हसऱ्या तोंडाकडे पाहिलं आणि तिने मोठ्याने भोकाड पसरलं.

"तुमी त्याच्यासारखं नका विचारू! मी नाय सांगनार! मारलंत तरी नाय सांगनार!"

"अगो, कोन मारतंय तुला?" आजोबा घाबरून मागे सरले. जन्मात त्यांनी नातीवर हात उगारला नव्हता.

रडता रडता समीक्षाचं लक्ष सफूराकडे गेलं. ती दारातून पुन्हा पुन्हा रस्त्याकडे बघत होती. सिनेमात तसलं काही नव्हतं. तिथे विचारणारा वाईट होता आणि सगळं सोपं होतं. ही तर सफूराचाची, जी दर ईदला तिच्यासाठी शीरखुर्म्याचा वेगळा डबा पाठवायची. हिच्यापासून काय लपवायचं? पण शब्द तर मारियाला दिला होता. समीक्षाने बाहीला नाक पुसलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बोलण्याआधी विचार केला.

"चाची," ती म्हणाली, "मारिया बरी आहे. अगदी बरी आहे. रस्त्यावर नाही, लांब नाही. तुम्ही घाबरू नका. पण कुठे आहे ते मी नाही सांगणार. तिने सांगितलं तरच सांगणार."

सफूराचा जीव भांड्यात पडला. ती येऊन मटकन सोफ्याच्या टोकाशी बसली, तोच तिच्या पायांखालून आवाज आला.

"अम्मी! बघितलंस? ती खरंच सांगत नाही!"

झालर हलली आणि आतून मारिया निघाली. केसांत जळमटं, गालाला चिक्की चिकटलेली. तोंडावर एवढं हसू की सफूराला रागवायचं कसं तेच सुचेना. मारियाने आईकडे पाहिलंच नाही. ती धावत जाऊन समीक्षाच्या गळ्यात पडली, आणि चार प्रश्नांना एक उत्तर देणारी ती मुलगी न थांबता बोलत सुटली. झालरीच्या फटीतून काळूरामचे पाय कसे दिसत होते, सोफा उचलला असता तर ती आतल्या फळीला कशी लटकणार होती, आजोबा लग्नाचं बोलले तेव्हा हसू दाबायला तिने हात कसा चावला.

रस्ता बघून परत आलेला काळूराम दारातच थबकला. "सापडली? कुटं होती?"

"नाय सांगनार," आजोबा म्हणाले, आणि मग सगळेच हसायला लागले.

हसणं ओसरल्यावर मुलींनी सिनेमाची गोष्ट सांगितली. रूटला नेलं तिथपर्यंत येईतो आजोबांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

"मंग त्या दुसरीचं काय झालं? गिरनीवालीचं?"

"माहीत नाही. पिक्चर संपला. मूर्ख होती ती," समीक्षा म्हणाली.

"मूर्ख नव्हती. ल्हान होती." आजोबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "ल्हान पोराला असं विचारनारा, तोच खरा हलकट."

समीक्षाला हे पटलं की नाही ते तिलाच कळेना. ती सफूराकडे वळली. "पण चाची, चांगला माणूस कोण आणि वाईट कोण, ते विचारताना कसं कळणार? सगळे गोडच बोलतात."

सफूरा मारियाच्या केसांतली जळमटं काढत होती. "मलाही नेहमी कळत नाही गं," ती म्हणाली. "असं झालं तर आधी जाऊन मारियाला विचारायचं, सांगू का म्हणून. पण मला एवढं घाबरवायचं नाही. आता मुकाट्याने दोघी चला घरी. नणंदेने कोळंबी आणलीय आणि ती सोलायला मला माणसं हवीत."

सोफा पळस्प्याला गेला, आणि त्या तिघी रिक्षाने पनवेलला निघाल्या. रिक्षा वळली तशी मारियाने सुरू केलं. समजा उद्या समीक्षालाच लपायची वेळ आली, तर मारियाच्या घरात कुठे लपवायचं? समीक्षाने पलंगाखाली सुचवलं. मारिया म्हणाली, पाण्याच्या पिंपामागे. दोघींचा वाद वाढत चालला.

सफूरा आधी बाहेर बघत ऐकत होती. मग तिलाच राहवेना.

"पलंगाखाली काय? तिथे तर सगळे पहिल्यांदा बघतात," ती म्हणाली. "आपल्या स्वयंपाकघरात वर पोटमाळा आहे ना, तिथे मोठी पातेली ठेवतो त्यांच्या मागे. मी खाली कांदा चिरत बसेन. विचारायला येईल तो डोळे चोळत परत जाईल."

"आणि मला भूक लागली तर?" समीक्षाने विचारलं.

"शिडीने वर ताट देईन. दोन वेळा. आणि चहा."

"आणि शू लागली तर?"

रिक्षावाल्याने चमकून आरशात पाहिलं. सफूराने डोळे मिटून, अगदी गंभीरपणे, या अडचणीचा विचार करायला घेतला.