घडीच्या आतली ओळ

धाकटीचा पाय थांबत नव्हता. उजवा पाय, शिलाई मशीनच्या पॅडलवरचा. आता मशीनवर बसलेल्या बाईचा पाय हलणारच, त्यात नवल ते काय? पण हिचा जेवायला बसल्यावरही हलायचा, फोनवर बोलतानाही हलायचा, आणि सोमवारपासून तर झोपेतही हलतो असं आईचं म्हणणं होतं.

"अगं, थांबव तो पाय! भांड्यातलं पाणी हिंदकळतंय," आई ओरडायची. पाय दोन मिनिटं थांबायचा आणि पुन्हा सुरू.

कारणही तसंच होतं. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत तिला एका पत्राला हो किंवा नाही कळवायचं होतं. पत्र परदेशातून आलं होतं, बर्फाच्या डोंगरावरच्या एका स्की रिसॉर्टमधून. तिथे म्हणे हिवाळ्यात हजारो माणसं पायाला फळ्या बांधून डोंगरावरून खाली घसरतात, आणि वर त्याचे पैसे मोजतात. "आपण जिन्यावरून फुकटात घसरतो, त्याचं कुणाला कौतुक नाही," दादा म्हणाला. पण घसरणारा माणूस पडतो, पडला की विजार फाटते, कोटाची झिप तुटते. शिवाय तिथल्या तीनशे नोकरांचे गणवेश, पडदे, चादरी. म्हणून त्यांना डिसेंबर ते मार्च अशा चार महिन्यांसाठी शिवणकाम करणारी बाई हवी होती. मुलाखत व्हिडिओवर झाली. तिकडच्या बाईंनी हिला जाड कोटाची झिप समोर बदलून दाखवायला सांगितली. हिने ती अकरा मिनिटांत बदलली. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी पत्र आलं.

पुढे दुकान, मागे घर. बाबा कापड कापायचे, दादा गिऱ्हाइकांची मापं घ्यायचा, आई काज-बटणं आणि पैशांचं बघायची, आणि शिवायची ती धाकटीच. सोळाव्या वर्षी त्या स्टुलावर बसली ती आता एकतिसावं लागलं तरी तिथेच, तोंड भिंतीकडे. त्या भिंतीवर एक पाल होती, तिलासुद्धा हिच्यापेक्षा जास्त फिरायला मिळायचं. लग्नाचं दोनदा जमता जमता राहिलं, त्याचंही तिला फारसं वाईट वाटलं नाही. तिला वाईट वाटायचं ते त्या भिंतीचं. आपण इथेच म्हातारी होणार, या विचाराने तिचा जीव कासावीस व्हायचा, आणि ते कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. घरची माणसं वाईट असती तर निदान भांडता तरी आलं असतं!

तर हिने नेटाने कामाला लागायचं ठरवलं. मापांच्या वहीचं शेवटचं पान उघडलं, वर लिहिलं, 'एका माणसाचा एका हंगामाचा खर्च.' गाठीला एक लाख ऐंशी हजार होते, पंधरा वर्षांचे. राहणं आणि दोन वेळचं जेवण रिसॉर्टकडून, पण पहिला पगार पाच आठवड्यांनी. विमानाचं तिकीट बावन्न हजार. व्हिसा, कागदपत्रं, विमा मिळून अंदाजे बेचाळीस. गरम कपडे आणि बूट, तीस. पहिल्या पाच आठवड्यांचा वरखर्च, चाळीस. एकूण एक लाख चौसष्ट हजार. सोळा हजार उरत होते! तिने बेरीज तीनदा केली. अंथरूण पाहून पाय पसरायला सांगतात ना, मग घ्या, पाय बरोबर अंथरुणात बसत होते.

एक गोष्ट मात्र तिने केली, ती सांगायलाच हवी. तिकीटवाल्याने तिला एक चिठ्ठी छापून दिली होती. त्यावर दोन ओळी होत्या. जाण्याचे बावन्न हजार, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात परत येण्याचे अठ्ठेचाळीस हजार. तिने ती चिठ्ठी पहिल्या ओळीखाली दुमडली, दुसरी ओळ आत गेली, आणि घडीसकट चिठ्ठी टाचणीने त्या पानाला लावून टाकली. परतीचं काय, तिथल्या पगारातून काढू, असं तिने स्वतःला सांगितलं. सांगितलं खरं, पण चोराच्या मनात चांदणं. टाचणी लावताना तिने दुकानात कुणी बघत नाही ना, हे दोनदा वळून पाहिलं होतं.

मग तिने घरच्यांना कामं वाटून दिली. "आकडे माझ्या अंदाजाचे आहेत. शुक्रवारपर्यंत खरे भाव तुम्ही काढा. दादा, कागदपत्रं आणि विमा तुझ्याकडे. बाबा, कपडे-बूट तुम्ही बघा. आई, वरखर्च तू." तिघांनीही माना डोलावल्या. कुणी 'कशाला जातेस' म्हटलं नाही. कुणी काहीच विचारलं नाही.

न विचारणं हा त्या दुकानाचा नियमच होता. तिथे बारा वर्षांपासून बँकेतले एक कारकून विजारी शिवून घ्यायचे. दरवर्षी त्यांचं पोट थोडं पुढे यायचं. बाबा कधी एक शब्द बोलले नाहीत. कमरेला आतून दोन बोटं कापड जास्त दुमडून ठेवायचे, आणि विजार बटण लावायला किंवा इस्त्रीला म्हणून दुकानात आली की गुपचूप शिवण उसवून तेवढी सैल करून द्यायचे. कारकून बिचारे सगळीकडे सांगत फिरायचे की बारा वर्षांत माझी कंबर इंचभर वाढली नाही! "गिऱ्हाइकाला अवघड प्रश्न विचारायचा नाही. दोन बोटं आत ठेवायची," हे बाबांनी दोन्ही मुलांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं. दुसरा नियम, वहीतलं दुसऱ्याचं माप खोडायचं नाही. चुकलं असलं तरी ज्याने लिहिलं त्यानेच खोडायचं.

शुक्रवारी संध्याकाळी तिघांचे आकडे आले, आणि धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं.

दादाने लिहिले होते नव्वद हजार. बाबांनी अठ्ठ्याहत्तर. आईने अठ्ठ्याऐंशी. तिकिटाचे बावन्न धरून तीन लाख आठ हजार.

"दादा, बेचाळीसचे नव्वद? कागद आहेत की सोन्याचे पत्रे?"

"शिक्के किती लागतात तुला ठाऊक आहे का?" दादा टेपची गुंडाळी करत म्हणाला. ती आधीच गुंडाळलेली होती, तरी करत राहिला.

"बाबा, कोट तर तुम्हीच शिवणार ना? मग अठ्ठ्याहत्तर कशाचे?"

"अस्तर महाग झालंय," बाबा म्हणाले, आणि कात्रीला धार आहे का ते बघायला लागले.

"आई, तू तरी! दोन वेळचं जेवण देतात ते लोक."

"आणि तिसऱ्या वेळचं?" आई म्हणाली. "थंडीत भूक फार लागते."

कुणी नीट बोलेना. ताकाला जाऊन भांडं लपवणारी माणसं, दुसरं काय! पण हिच्या तेव्हा ते लक्षात आलं नाही. तिला वाटलं, आपणच मूर्ख. भिंतीकडे तोंड करून बसणाऱ्या बाईला बाहेरचे भाव काय कळणार? एक लाख ऐंशी हजारांत म्हणे परदेश. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर ती मशीनवर बसली, फोन घेतला आणि तिकडच्या बाईंना लिहायला लागली. 'आपली नोकरी मला मनापासून हवी होती, पण...' पणच्या पुढे काय लिहावं ते सुचेना. पाय थांबला होता. चार दिवस त्या पायावर ओरडणाऱ्या आईने आतल्या खोलीतून डोकावून पाहिलं, आणि परत आत गेली.

पावणेचार वाजले. पत्र तसंच अर्धं. आता पंधरा वर्षं शिवणकाम केलेल्या माणसाला एक खोड असते, कापड परत करायचं झालं तरी एकदा मोजून करायचं. तिने वही ओढली. आपले जुने अंदाज एका बाजूला, आलेले भाव दुसऱ्या बाजूला, आणि वजाबाकी करत गेली. बेचाळीसचे नव्वद, अठ्ठेचाळीस वाढले. तीसचे अठ्ठ्याहत्तर, अठ्ठेचाळीस वाढले. चाळीसचे अठ्ठ्याऐंशी.

ती त्या आकड्यांकडे बघतच राहिली. शिक्के, अस्तर आणि भूक, तिन्ही अगदी मोजून अठ्ठेचाळीसच हजारांनी महाग झाली होती?

तिने टाचणी काढली आणि चिठ्ठी हातात घेतली. सोमवारी एकदाच दुमडलेला कागद, पण घडीवर पार मऊ पडला होता, पुन्हा पुन्हा उघडून मिटल्यासारखा. आतल्या ओळीवर, परतीच्या आकड्याच्या बरोबर शेजारी, निळ्या खडूचा अंगठा उठला होता. त्या घरात खडूने खूण करणारं माणूस एकच होतं.

आधी तिला राग आला. असा राग की कानशिलं तापली. ती वही घेऊन पुढच्या दुकानात गेली आणि कापडाच्या टेबलावर आपटली. "आई, तू पण ये बाहेर! तिघं मिळून मला शेंडी लावता? आणखी एक तास गेला असता ना, तर मी नाही कळवून मोकळी झाले असते! अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस, अठ्ठेचाळीस! एका माणसाला परत यायला तीन तिकिटं लागतात का?"

दादाने वहीत डोकं घातलं. मग बाबांकडे बघितलं. "बाबा, परतीचे तुम्ही पण धरलेत?"

"मला वाटलं, मी एकट्यानेच," बाबा म्हणाले.

"अहो, मग मला सांगायचंत तरी!" आई म्हणाली. "मी कशाला धरले असते?"

"तू तरी कुठे सांगितलंस?"

दादाला हसू फुटलं, आणि लगेच विरलंही. कारण आता चौघंही त्या उघड्या चिठ्ठीकडे बघत होते. धाकटीचा राग कुठे गेला तिलाच कळलं नाही. सगळ्यांनी पहिल्याच दिवशी पाहिलं होतं. चार दिवस सगळे त्या एका ओळीभोवती फिरत होते, तिच्यासारखेच. तिला लाज वाटली, आणि भीतीही वाटली.

बाबांनी हातातला खडू खाली ठेवला. साठी उलटलेला माणूस, पण त्या दुकानात असा प्रश्न त्यांनी आजवर कुणाला विचारला नव्हता.

"परत यायचंय का तुला?"

"माहीत नाही, बाबा," ती म्हणाली. मग तिला रडू आलं. "खरंच माहीत नाही. तुमचा कंटाळा नाही आला मला. त्या भिंतीचा आलाय. परतीचं तिकीट लिहिलं असतं तर गेल्यासारखंच वाटलं नसतं. आणि लिहिणार नाही असं तुमच्या तोंडावर सांगायचं धाडस नव्हतं."

आईने पदराने नाक पुसलं. बाबांनी पेन्सिल उचलली. वहीतले आपले अठ्ठ्याहत्तर खोडले आणि तीस लिहिले. पेन्सिल दादाकडे दिली. दादाने नव्वदचे बेचाळीस केले. आईने पेन्सिल घेतली ती हातातच धरून बसली. घड्याळात सव्वाचार झाले होते.

"आई, घाई आहे गं," दादा हळूच म्हणाला.

"माहितेय मला. घड्याळ मलाही कळतं." तिने अठ्ठ्याऐंशी खोडले, एवढं दाबून की पान फाटलं. शेजारी चाळीस लिहिले. बेरीज पुन्हा एक लाख चौसष्ट हजार झाली. मग आई धाकटीला म्हणाली, "परतीचे अठ्ठेचाळीस माझ्याकडे आहेत. बँकेत. पण ते तुझ्याबरोबर देणार नाही."

"नकोच आहेत मला."

"पुरतं ऐकून तर घे! इथेच ठेवते. फोन करायचास, आई पैसे पाठव म्हणायचंस, त्याच दिवशी पाठवीन. मग एप्रिल असो नाहीतर कुठलाही महिना."

"आणि मी मागितलेच नाहीत तर?"

"तर पडून राहतील," आई म्हणाली. "पडून राहिलेले पैसे काही खायला मागत नाहीत."

चार वाजून बत्तीस मिनिटांनी धाकटीने अर्धं पत्र पुसलं, 'मी येते' एवढंच लिहिलं आणि धाडून दिलं. तेवढं लिहायलाही तिला दोनदा प्रयत्न करावा लागला.

फोन ठेवते न ठेवते तोच बाबांनी टेप गळ्यात अडकवला. "चल, कोटाचं माप दे. दिवस कमी आहेत."

ती हात पसरून उभी राहिली. खांद्याचं माप घेतलं, बाबांनी आकडा सांगितला, दादाने लिहिला. "थांब," बाबा म्हणाले आणि पुन्हा घेतलं. आकडा वेगळा आला. तिसऱ्यांदा घेतलं. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाचं माप तीनदा घेतलं नव्हतं. दादा मान खाली घालून वहीत बघत राहिला.

मग बाबांनी जाड काळं कापड टेबलावर पसरलं, खडूने रेघ मारली आणि कात्री उचलून थांबले. एवढ्या वर्षांत हेही त्यांनी कधी विचारलं नव्हतं, स्वतःच ठरवून मोकळे व्हायचे.

"आत किती ठेवू?"

धाकटीने डोळे पुसले आणि रेघेच्या बाहेर कापडावर आपली बोटं टेकवली.

"दोन ठेवा, बाबा," ती म्हणाली.